मोजणीच्या वहीत नसलेला रकाना

ठाणे खाडीच्या नवी मुंबईकडच्या काठावर पक्षीनिरीक्षकांचा एक छोटा गट मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत परतीला लागलेले कुरव, सुरय (इंग्रजीत टर्न) आणि वेडर, म्हणजे चिखलात चालत भक्ष्य टिपणारे पक्षी, मोजतो. दुसऱ्या हंगामात त्यांचा आकडा पहिल्या हंगामाच्या निम्म्यावर आला. नेमका त्याच सुमारास तो आकडा एका महत्त्वाच्या कागदावर लिहिण्याचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी काय घडलं आणि कोणता निर्णय का घेतला गेला, हे इथे मांडलं आहे. माणसांची नावं आणि मोजणीची नेमकी जागा दिलेली नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. गटाच्या वह्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यातल्या तिघांशी सविस्तर बोललो आहे.

पार्श्वभूमी

ठाणे खाडी म्हटलं की लोकांना फ्लेमिंगो आठवतात आणि त्यात काही चूक नाही. २०१५ साली खाडीचा सुमारे सतराशे हेक्टरचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. ऐरोलीचं जैवविविधता केंद्र, तिथली बोटीची फेरी, वाशीच्या पुलावरून जाताना लोकलच्या दारातून दिसणारी गुलाबी रेघ, हे सगळं आता इथल्या माणसांच्या ओळखीचं आहे. पण याच चिखलावर फ्लेमिंगोंच्या पायांशी दुसरे हजारो पक्षी असतात, आणि त्यांच्याकडे दुर्बीण क्वचितच वळते.

त्यातले कुरव म्हणजे लोक ज्यांना सरसकट सीगल म्हणतात ते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक गडद डाग. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोक्यावर तपकिरी टोपी चढू लागते आणि टोपी पुरी झाली की पक्षी निघायच्या तयारीत आहे असं समजायचं. टिलव्यासारखे चिमुकले वेडर तर थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रापर्यंत जातात. निघण्यापूर्वीच्या आठवड्यांत हे पक्षी अंगावर चरबी साठवतात. तीच त्यांची शिदोरी. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये त्यांना खायला मिळालेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

पाणपक्ष्यांची आशियाभरची गणना जानेवारीत होते, १९८७ पासून. ती हिवाळ्याचं चित्र देते. पक्षी कधी निघतात, कुठला आधी जातो, निघण्यापूर्वी कुठे गोळा होतात, हे जानेवारीत कळत नाही. गटाने वसंतातली मोजणी हाती घेतली ती ही उणीव ओळखून. फ्लेमिंगोंवर अभ्यासकांचं काम चालू होतंच, म्हणून यांनी मुद्दाम कुरव, सुरय आणि वेडर निवडले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही त्याची नोंद ठेवायची, तर त्यासाठी कौतुक मिळत नाही आणि माणसंही टिकत नाहीत. यांची टिकली.

गट आठ-दहा जणांचा. एक निवृत्त शिक्षिका नोंदवही सांभाळतात, त्यांना सगळे बाई म्हणतात. रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करणारे एक गृहस्थ मोजणीप्रमुख. संख्याशास्त्र शिकणारी एक मुलगी, दोन बँक कर्मचारी, काही कॉलेजची मुलं आणि जवळच्याच कोळीवाड्यातले एक काका, जे खाडीत अजूनही जाळं टाकतात.

जागा चांगली निवडलेली होती. तिवरांची रांग जिथे विरळ होते तिथे बांधावर थोडा उंचवटा आहे आणि समोर पश्चिमेला चिखलपट्टा पसरलेला दिसतो. सकाळी सूर्य पाठीशी राहतो, पक्ष्यांवर उजेड पडतो. वेळ ठरली एक रविवार सोडून पुढच्या रविवारची, सकाळी सात ते नऊ. दोघांनी स्वतंत्र मोजायचं, मग आकडे ताडून पाहायचे. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजायचे, दहाचा आकार डोळ्यांत बसवायचा, त्यावरून शंभर आणि मग शंभराचे गठ्ठे.

नोंदीचा तक्ता त्यांनी परदेशातल्या किनारी वेधशाळांच्या धर्तीवर केला होता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डंजनेस येथे १९५२ पासून पक्षी वेधशाळा आहे. वसंतात तिथले निरीक्षक समुद्राकडे तोंड करून बसतात आणि इंग्लिश खाडीतून पूर्वेकडे जाणारे समुद्रपक्षी तासागणिक मोजतात. तिथे वारा कुठून वाहतो यावर सारं अवलंबून, कारण वारा पक्ष्यांना किनाऱ्याजवळ ढकलतो किंवा दूर नेतो. गटाच्या तक्त्यातही वाऱ्याची दिशा, जोर, ढग आणि दृश्यमानता यांचे रकाने होते. भरती-ओहोटीचा नव्हता.

अडचण

दुसऱ्या हंगामाची तिसरी मोजणी एप्रिलच्या मध्यावर झाली आणि बाईंनी दोन्ही वर्षांच्या पहिल्या तीन मोजण्या शेजारी शेजारी मांडल्या. तिन्ही वेळा यंदाचा आकडा मागच्या वर्षीच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली होता. कुरव कमी, वेडर तर फारच कमी. जागा, तास, माणसं आणि दुर्बिणी, सगळं तेच होतं. हवाही दोन्ही वर्षी साधारण सारखी.

त्याच दिवसांत काठालगतच्या एका रस्त्याचं रुंदीकरण आणि त्यावर दिवे लावण्याच्या कामाविषयी हरकती-सूचना मागवणारी जाहीर सूचना निघाली होती. मुदत एप्रिलअखेर. प्रस्तावित दिव्यांची ओळ गटाच्या उंचवट्यापासून फार दूर नव्हती. हरकत नोंदवायचीच हे सगळ्यांच्या मनात पक्कं होतं. आता हातात एक वाक्यही आलं होतं: एका वर्षात पक्षी निम्म्यावर.

मोजणीप्रमुखांनी पत्राचा मसुदा केला आणि हे वाक्य पहिल्या परिच्छेदात ठेवलं. त्यांची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांनी याआधी दोन-तीन वेळा पाणथळ जागांसाठी अर्ज केले होते आणि प्रत्येक वेळी उत्तरात एकच विचारणा झाली होती: आकडेवारी आहे का? या वेळी आकडेवारी होती. शिवाय ती त्यांनी उन्हात उभं राहून, रात्रपाळी करून थेट बांधावर येऊन जमवलेली होती.

प्रश्न उभा राहिला तो काकांमुळे. मसुदा वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, मागच्या वर्षी मोजलं तेव्हा तिथी कुठली होती? कुणालाच सांगता येईना. ते म्हणाले, मला आठवतंय तसं मागच्या वर्षी तुम्ही मोजत असताना पाणी चढत होतं, मी होडी बाहेर काढायची वाट बघत उभा असायचो; यंदा मी येतो तेव्हा पाणी उतरायला लागलेलं असतं.

आकड्यामागचं पाणी

कोळीवाड्यात आणि साऱ्या कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला पूर्ण भरती. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना सारखाच हिशोब, आणि दिवसातून दोनदा. आडाखा ढोबळ आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील कोष्टकात मुंबईच्या अपोलो बंदराची वेळ मिनिटांत मिळते, आणि खाडीत आत ती आणखी थोडी उशिरा येते. पण वहीतल्या जुन्या तारखा तपासायला आडाखा पुरेसा होता.

संख्याशास्त्राच्या मुलीने दिनदर्शिका घेतली आणि दोन्ही हंगामांतल्या प्रत्येक रविवारपुढे तिथी लिहिली. पहिल्या हंगामातली पहिली मोजणी चतुर्दशीला, शेवटची एकादशीच्या सुमारास. दुसऱ्या हंगामातली पहिली नवमीला आणि पुढच्या हळूहळू षष्ठीकडे सरकणाऱ्या. म्हणजे पहिल्या वर्षी सात ते नऊ या वेळात बहुतेकदा पाणी चढत होतं. दुसऱ्या वर्षी भरती पहाटे होऊन गेलेली आणि पाणी उतरत होतं, तेही भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीचं, मंद.

इथे एक बारकावा आहे आणि नियमित मोजणी करणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात घ्यावा असं मला वाटतं. एखादा म्हणेल, हंगामभरात पाच मोजण्या होतात, कधी भरती तर कधी ओहोटी सापडेल, सरासरीत सगळं जुळून येईल. तसं होत नाही. उधाणापासून (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीपासून) उधाणापर्यंतचं चक्र सुमारे पावणेपंधरा दिवसांचं. मोजणी दर चौदा दिवसांनी. दोन्ही जवळजवळ एकाच चालीने चालतात, म्हणून प्रत्येक मोजणीला पाणी जवळपास त्याच अवस्थेत भेटतं, तिथी जेमतेम पाऊणने मागे सरकते. आख्खा हंगाम एकाच प्रकारच्या पाण्यावर मोजला जातो. वर्ष बदललं, म्हणजे बावन्न आठवड्यांनी तोच रविवार आला, की पक्षाच्या हिशोबात सुमारे पाच तिथी मागे जातात. चतुर्दशीची नवमी होते. पुढच्या वर्षी तीच चतुर्थीच्या आसपास येते आणि मग सकाळी सात ते नऊ चक्क ओहोटी. गटाने हाच क्रम चालू ठेवला असता तर तिसऱ्या वर्षी पाणी तिवरांपासून खूप दूर गेलेलं असताना, चिखलाच्या पार पलीकडच्या कडेवरचे ठिपके मोजावे लागले असते.

पाण्याने एवढा फरक का पडतो? ओहोटीला चिखलपट्टा रुंद होतो, पक्षी त्यावर विखुरतात, पाण्याच्या काठाकाठाने लांब जातात. लहान वेडर तेवढ्या अंतरावरून दिसत नाहीत, दिसले तरी ओळखू येत नाहीत. भरती चढू लागली की चिखल आक्रसतो आणि पक्षी खात खात बांधाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीच्या दोन-तीन तासांत ते सर्वांत जवळ आणि सर्वांत दाट असतात. मग चिखल बुडतो आणि वेडर उठून सीवूड्स-नेरूळकडच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात. कुरव मागे राहतात, पाण्यावर तरंगतात किंवा होड्यांमागे फिरतात. पाणी उतरताना उलटा क्रम होतो, पण तो तसाच्या तसा उलटा नसतो: पक्षी एकदम परतत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात आणि उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या मागे मागे आपल्यापासून दूर जातात.

डंजनेसला निरीक्षकासमोरून पक्षी पुढे निघून जातात. तिथला तक्ता तिथल्या पक्ष्यांना धरून केलेला आहे. ठाण्याच्या खाडीत पक्षी आठवडेच्या आठवडे मुक्कामाला असतात आणि पाण्याबरोबर पुढे-मागे होतात. वाऱ्याचा रकाना इथे दुय्यम होता.

समोरचे पर्याय

मुदतीला दोन आठवडेही उरले नव्हते. गटाची वाशीत एका सदस्याच्या घरी बैठक झाली, ती रात्री उशिरापर्यंत चालली. बाईंनी तिचं टिपण ठेवलं आहे.

पहिला पर्याय होता मसुदा तसाच पाठवण्याचा. युक्तिवाद असा की, घट पाण्यामुळे आहे हेही अजून सिद्ध झालेलं नाही. खरी घट असेल आणि आपण गप्प राहिलो तर पक्ष्यांचं नुकसान. हा युक्तिवाद भावनेचा वाटला तरी पोकळ नाही. संवर्धनाच्या कामात थांबण्याचीही किंमत असते.

दुसरा पर्याय, आकडा ठेवायचा पण सोबत भरतीचा खुलासा जोडायचा. दोन्ही बँक कर्मचारी या बाजूचे होते. त्यावर मुलीने विचारलं की, ज्या खुलाशाने पहिलं वाक्यच मोडतं, ते वाक्य पत्रात कशाला ठेवायचं?

तिसरा पर्याय जुन्या आकड्यांना भरतीनुसार दुरुस्त करून घेण्याचा. आकर्षक, पण त्यासाठी पाण्याच्या प्रत्येक अवस्थेत किती पक्षी दिसतात याचा पाया हवा, आणि तो अनेक दिवसांच्या नोंदींतूनच मिळतो.

चौथा, हरकत पाठवायची पण तुलनेचा आकडा पूर्ण वगळून.

मोजणीप्रमुख शेवटपर्यंत पहिल्या पर्यायाकडे झुकलेले होते. त्यांचं मन वळलं ते बाईंच्या एका प्रश्नाने: समोरच्या बाजूने एखादा जाणकार आणला आणि त्याने फक्त तिथी विचारली, तर आपल्या बाकीच्या पत्राचं काय होईल? आपल्या सगळ्या पुढच्या पत्रांचं काय होईल?

मला यात बाईंचं म्हणणं सोळा आणे पटतं. चांगल्या कामासाठी वापरलेला कच्चा आकडा त्या कामालाच खाली ओढतो. खाडीकाठच्या हौशी गटांकडे पैसा नाही, पद नाही. त्यांच्या नोंदींवरचा विश्वास एवढंच त्यांच्यापाशी असतं.

एक रविवार, एक भरती

बैठकीत लगेच निर्णय झाला नाही आणि हे बरं झालं. ठरलं असं की मधल्या रविवारी, ज्या दिवशी मोजणी नसते, बांधावर जायचं आणि एक पूर्ण भरती मोजायची. त्या दिवशी चतुर्दशी होती. उजाडल्यापासून दुपारपर्यंत दर अर्ध्या तासाने मोजणी, प्रत्येक वेळी दोन माणसं, आणि या वेळी पक्षी चिखलाच्या कुठल्या भागात आहेत तेही नकाशावर खूण करून.

सुरुवातीला पाणी दूर होतं. कुरव ओळखता येत होते, वेडर म्हणजे थरथरणारे ठिपके. साडेसातनंतर थवे अलीकडे यायला लागले. साडेआठ ते साडेनऊ या तासात सर्वाधिक पक्षी मोजले गेले, सकाळच्या पहिल्या मोजणीच्या दुपटीहून खूप जास्त. त्यांच्यात गंजलेल्या तांबूस रंगावर आलेले बाकदार चोचीचे तुतारी होते, नारिंगी छातीचे चिखल्या होते. विणीचा रंग चढलेले हे पक्षी एवढ्या जवळून गटातल्या मुलांनी प्रथमच पाहिले. दहानंतर चिखल बुडू लागला आणि वेडरांचे थवे दक्षिणेकडे उठून गेले. अकराला समोर नुसतं पाणी आणि त्यावर कुरव. ऊन तापल्याने हवा थरथरत होती, दुर्बिणीतून टोपीचा रंगही नीट दिसेना.

या एका सकाळीने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अपेक्षित होती: चढत्या पाण्याच्या तासांतला आकडा मागच्या वर्षीच्या एप्रिलच्या आकड्यांच्या पंगतीत बसणारा होता. निम्म्यावरची घट त्यात दिसत नव्हती. एका दिवसावरून घट झालीच नाही असं म्हणता येत नाही, पण झाली असंही म्हणायला जागा उरली नाही.

दुसरी गोष्ट कुणाच्या डोक्यात नव्हती. नकाशावरच्या खुणा एकत्र केल्या तेव्हा दिसलं की पाणी चढताना शेवटच्या तासाभरात जवळजवळ सगळे वेडर बांधालगतच्या एका अरुंद पट्ट्यात दाटीने खात होते. बाकीचा चिखल बुडाल्यावर तेवढाच उरतो. आणि दिव्यांची प्रस्तावित ओळ त्याच पट्ट्याच्या डोक्यावरून जात होती. भरती रोज पुढे सरकते, त्यामुळे महिन्यातल्या कित्येक दिवशी हा शेवटचा तास संध्याकाळी किंवा रात्री येतो. वेडर रात्रीही चिखलात खातात.

निर्णय आणि पत्र

चौथा पर्याय घेतला गेला, पण आता पत्र रिकामं नव्हतं. दोन वर्षांची तुलना त्यात नाही. आहे तो चतुर्दशीच्या सकाळचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ता, भरतीच्या वेळेसह. सोबत नकाशा, दिसलेल्या जातींची यादी, आणि एक साधं म्हणणं: परतीच्या प्रवासापूर्वी पक्षी ज्या पट्ट्यात शेवटपर्यंत खातात तो इथे आहे, दिव्यांची ओळ मागे घ्यावी, किंवा निदान दिवे वरून झाकलेले आणि जमिनीकडे वळवलेले असावेत. शेवटी विनंती केली की पाहणी करायची तर पूर्ण भरतीच्या दोन तास आधी करावी. सोयीच्या तारखा जोडल्या. मोजणीप्रमुखांनीच पत्र पुन्हा लिहून काढलं आणि पहिली सही त्यांची आहे.

मोजणीची नवी पद्धत

हा भाग गटाला पत्रापेक्षा कठीण गेला. मोजणी भरतीला बांधायची म्हणजे रविवार सुटतो. त्रयोदशी-चतुर्दशीच्या सकाळी साडेसहा ते साडेनऊच्या दरम्यान पाणी हवं तसं चढत असतं, उजेड पाठीशी असतो आणि झळा सुरू झालेल्या नसतात. पण ती तिथी मंगळवारी आली तर कॉलेजची मुलं येणार कशी?

रविवार कायम ठेवून तास बदलायचा, हा एक मार्ग होता. काही रविवारी त्यासाठी साडेनऊला सुरुवात करून बारापर्यंत उभं राहावं लागलं असतं, आणि एप्रिलच्या त्या उन्हात वेडर ओळखणं अशक्य. संध्याकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो, म्हणून तीही वेळ बाद. शेवटी काम विभागलं. आकड्यांची मोजणी तिथीवर, वार कुठलाही असो. त्यासाठी बाई, काका, पाळी जुळेल तेव्हा मोजणीप्रमुख आणि एक निवृत्त शेजारी. रविवारची भेट तशीच चालू, पण ती शिकण्यासाठी. तिचे आकडे वेगळ्या वहीत.

तक्त्यात तीन रकाने वाढले. पूर्ण भरतीला किती वेळ बाकी आहे. पक्षी चिखलाच्या कुठल्या भागात आहेत. आणि कुरवांसाठी टोपी: पूर्ण, अर्धी, नाही. तिसरा रकाना मुलीने सुचवला. प्रौढ कुरव टोपी चढवून आधी निघतात, मागे राहतात ती बहुतेक पहिल्या वर्षाची पाखरं. एकूण आकड्यावरून एवढंच कळतं की कुरव कमी झाले. टोपीच्या रकान्यावरून कळतं की कोण गेलं.

बोटीच्या फेऱ्यांबद्दलही नियम झाला. लोक बोटीतून शेव-गाठ्या टाकतात आणि कुरवांचा थवा बोटीबरोबर खाडीभर फिरतो. तोच थवा दोनदा मोजला जाण्याची भीती असते. बोट दिसत असेल तोवर कुरव मोजायचे नाहीत, फक्त वेडर. लोकांनी तळलेलं-खारवलेलं खाऊ घालणं थांबवावं यासाठी गट धक्क्यावर जाऊन बोलतो, आणि ते काम मला मोजणीइतकंच गरजेचं वाटतं.

जुन्या दोन वर्षांचे आकडे पुसले नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे भरतीपासूनचं अंतर लाल शाईने लिहिलं आणि वहीच्या पहिल्या पानावर सूचना चिकटवली की या दोन वर्षांची थेट तुलना करू नये.

काय निष्पन्न झालं

पत्राची दखल घेतली गेली. स्थळपाहणी झाली, आणि ती गटाने सुचवलेल्या तारखांपैकी एका सकाळी, चढत्या पाण्यावर झाली. आलेल्या अधिकाऱ्यांनी पट्ट्यातले पक्षी डोळ्यांनी पाहिले. दिव्यांबाबतचा अंतिम निर्णय हे लिहीपर्यंत व्हायचा आहे. झाकलेल्या दिव्यांची सूचना विचारात घेतल्याचं लेखी उत्तर मिळालं आहे.

तिसरा हंगाम नव्या पद्धतीने पार पडला. दोन मोजणाऱ्यांच्या आकड्यांतली तफावत आधीपेक्षा बरीच घटली, कारण पक्षी जवळ असताना मोजले जातात. पहिल्या हंगामातल्या सुरुवातीच्या, चढत्या पाण्यावरच्या मोजण्यांशी यंदाचे आकडे शेजारी ठेवता येतात आणि ते फारसे दूर नाहीत. पहिल्या वर्षी मेमध्ये दिसलेली एकदम घसरण मात्र आता वेगळी दिसते. त्या वर्षीच्या शेवटच्या मोजण्या एकादशीकडे सरकलेल्या, म्हणजे भरती जवळपास पूर्ण असतानाच्या. पक्षी गेले होते हे खरं, पण जेवढे गेले असं वाटलं तेवढे त्या दिवशी गेलेले नसणार. तिसऱ्या हंगामात उतार हळू आहे, आणि टोपीच्या रकान्यात तो नीट वाचता येतो: एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पूर्ण टोपीवाल्यांची गर्दी, मेमध्ये जवळजवळ सगळे बिनटोपीचे.

एक किंमतही मोजावी लागली. कॉलेजच्या मुलांपैकी दोघं गळाली. आकडे मोजण्यात जी जबाबदारीची भावना होती ती रविवारच्या भेटीत त्यांना वाटेना.

वेगळं काय करता आलं असतं

भरतीचा रकाना पहिल्याच दिवशी असता तर हे सगळं टळलं असतं, हे उघड आहे. पण तेवढ्यावर थांबणं मला पुरेसं वाटत नाही. काका पहिल्या हंगामापासून बांधावर होते. त्यांना पाणी ठाऊक होतं, आणि तक्ता ठरला त्या बैठकीला त्यांना बोलावलेलं नव्हतं. ते पक्षी दाखवायला मदत करणारे म्हणून गटात होते. तक्ता ठरवताना त्यांच्यासमोर ठेवला असता तर तिथीचा प्रश्न तेव्हाच निघाला असता. आता ते तारखा ठरवतात. जानेवारीतच बसून ते आणि बाई हंगामाच्या सगळ्या तारखा कोष्टकाशी ताडून काढतात.

दुसरं, परदेशी तक्ता घेताना त्यातला प्रत्येक रकाना तिथे का आहे हे विचारायला हवं होतं. वाऱ्याचा रकाना का, या प्रश्नाचं उत्तर शोधलं असतं तर ठाण्याच्या खाडीत वाऱ्याची जागा कोण घेतं हेही सुचलं असतं.

तिसरं अजून व्हायचं आहे. पूर्ण भरतीला वेडर ज्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात, तिथे त्याच सकाळी, त्याच भरतीला दुसऱ्या चमूने मोजायला हवं. बांधावरून उठलेला थवा आणि तिथे उतरलेला थवा यांची गाठ पडली तरच खाडीत एकूण किती पक्षी आहेत हे सांगता येईल, आणि एखादी पाणथळ जागा बुजली तर नेमका कुणाचा विसावा गेला हेही. त्यासाठी माणसं हवीत, त्यातली निदान दोन वेडर नीट ओळखणारी. मुलीने थव्यांची छायाचित्रं जमवली आहेत. नवे सदस्य आधी नजरेने अंदाज लिहितात, मग पडद्यावर एकेका पक्ष्यावर टिंब देत मोजतात. मोठ्या थव्याचा अंदाज बहुतेकांचा कमी येतो, आणि किती कमी येतो हे प्रत्येकाला स्वतःपुरतं कळलं की हात बसतो. येत्या फाल्गुनातल्या पहिल्या त्रयोदशीला दोन्ही ठिकाणी एकाच वेळी उभं राहण्याइतकी माणसं जमवायची, असं गटाने ठरवलं आहे. रविवारची गळालेली दोन मुलं त्या दुसऱ्या चमूसाठी परत येतील का, हे विचारायला बाई स्वतः त्यांच्या घरी जाणार आहेत.